फोन आला की ‘हो’ म्हणा

मार्च महिन्यात बँकेचा म्यानेजर सह्या करतो, वाचत नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं. हैदराबादेत तारनाक्याच्या शाखेत असताना अशाच एका मार्चच्या दुपारी श्रावणीनं, म्हणजे आमच्या शाखेतल्या सगळ्यात तरुण आणि सगळ्यात हुशार ऑफिसरनं, माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा ठेवला. प्रत्येक कागदावर फुल्या मारलेल्या. फुली दिसली की सही ठोकायची, याचं आमच्या हाताला इतकं वळण पडलेलं असतं की डोळ्यांची गरज लागत नाही. एका हातात चहा धरून मी अर्ध्या तासात गठ्ठा संपवला आणि स्वतःवर खूश झालो.

चौथ्या दिवशी विमा कंपनीकडून एक अर्ज परत आला. वर शेरा : ‘अर्जदार व शाखा व्यवस्थापक यांची सही एकच दिसते. खुलासा व्हावा.’ अर्ज हबशीगुड्यातल्या एका गृहिणीचा होता. मी माझ्या फुलीवर सही केली होती, तिच्या फुल्यांवरही केली होती, आणि ‘मी सध्या गरोदर नाही’ या ओळीपुढंसुद्धा माझीच लफ्फेदार सही होती.

“सार, लाल फुल्या तुमच्या होत्या, काळ्या मॅडमच्या,” श्रावणी म्हणाली.

“मग सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं सार. तुम्ही हौ म्हणालात.”

हा किस्सा मी लग्नाच्या पंगतीत, नातेवाइकांच्या बैठकीत, एकदा तर बारशातही सांगितला आहे. लोक हसतात, मी त्यांच्याहून जास्त हसतो. त्याच शाखेतली दुसरी गोष्ट मात्र मी कुठं सांगितली नाही. ती सांगायची तर आधी आमचा धंदा थोडा समजावून द्यावा लागेल, कारण बँकेत विमा कशाला विकता असं परभणीचे माझे मामा मला दर दिवाळीत विचारतात, आणि दर दिवाळीत मी त्यांच्यापुढं करंजी सरकवतो.

बँकेचा धंदा वरून सोपा दिसतो. तुमचे पैसे कमी व्याजानं घ्यायचे, दुसऱ्याला जास्त व्याजानं द्यायचे, मधला फरक आपला. पण त्या फरकाला वाटेकरी फार. ठेवींचा एक भाग सगळ्या बँकांच्या वर जी बँक बसली आहे तिच्याकडे बिनव्याजी ठेवायचा. एक भाग सरकारी रोख्यांत घालायचा. शेतीला, लहान धंद्यांना ठरलेला वाटा द्यायचा. आणि कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की ते कर्ज आजारी म्हणून जाहीर करायचं आणि त्याच्यासाठी आपल्या नफ्यातून पैसे बाजूला काढायचे. हे सगळे नियम बरोबर आहेत. ते नसते तर आमच्यासारख्यांनी तुमच्या ठेवींचं काय केलं असतं, याचा विचार मी पेन्शनर झाल्यापासून करतो आणि मला धडकी भरते.

झालं असं की आमच्या बँकेच्या कुठल्यातरी बड्या शहरातल्या बड्या शाखेनं एका बड्या कारखानदाराला कर्ज दिलं आणि तो बुडाला. म्हणजे तो नाही बुडाला, कर्ज बुडालं. त्याच्यासाठी पैसे बाजूला काढता काढता नफा आटला. शेअरबाजारात भाव पडला, वरचे साहेब चिडले, आणि खाली हुकूम आला : व्याजावर विसंबू नका, ‘इतर उत्पन्न’ वाढवा. इतर उत्पन्न म्हणजे कमिशन. विमा कंपनीची पॉलिसी आपल्या खातेदाराला विकायची आणि कंपनीकडून कमिशन घ्यायचं. कमिशनसारखी गोड कमाई नाही. तिला भांडवल लागत नाही, ती नव्वद दिवस थकत नाही, तिच्यासाठी काही बाजूला काढावं लागत नाही.

कारखानदाराचा खड्डा तारनाक्याच्या पेन्शनरांनी भरावा, असं कुणी लिहून दिलं नव्हतं. रोज संध्याकाळी पाच वाजता वरचे साहेब व्हिडिओवर फक्त विचारायचे, “तारनाका, आज किती?” विमा विकल्याबद्दल कर्मचाऱ्यांना बक्षीस द्यायचं नाही असा नियम आहे. म्हणून आमच्यात बक्षीस हा शब्द कुणी उच्चारत नसे. ज्यानं जास्त पॉलिसी विकल्या त्याला ‘प्रशिक्षणासाठी’ समुद्रकिनारी पाठवत. मी एकदा प्रशिक्षण घेऊन आलो. पाठ भाजली होती.

याच्या आधी मी अफझलगंजच्या शाखेत होतो. तिथं सुक्या मेव्याचे एक व्यापारी होते, त्यांना सगळे हाजीसाब म्हणत. त्यांच्यासमोर मी पॉलिसीचं गुणगान लावलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “साब, इत्ती अच्छी चीज है तो आप कित्ते की लिये?”

“मैं... अभी सोच रहा हूँ हाजीसाब.”

“तो आराम से सोच लो. आप ले लिये बोले तो मैं भी ले लेतूँ.” आणि माझ्या टेबलावर मूठभर बदाम ठेवून ते निघून गेले. डोकं चालावं म्हणून ठेवले असावेत.

हाजीसाबांसारख्यांना आम्ही पॉलिसी विकू शकत नाही. ज्यांचा आमच्यावर विश्वास असतो, त्यांनाच विकतो.

पद्मीनताईंचा माझ्यावर होता.

ताई रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या, तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मूळच्या पूर्णेच्या. मी नांदेडचा. दोन्ही गावांचे जिल्हे वेगळे आहेत, पण हैदराबादेत एवढं अंतर कुणी मोजत नाही. शाखेच्या दारातून आत पाऊल टाकलं की त्या तिथूनच खणखणीत आवाजात “जयभीम साहेब!” म्हणायच्या. पहिल्या वेळी मी जरा बावचळलो, इकडंतिकडं पाहिलं. नंतर सवय झाली, आणि खरं सांगायचं तर ज्या दिवशी त्या यायच्या नाहीत त्या दिवशी चुकल्यासारखं वाटायचं. रांगेतल्या लोकांना त्या माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, “हमारे म्यानेजर साब. हमारे लोगाँ में के.” मी खुर्चीत अर्धा इंच उंच व्हायचो. विहारात त्या आणि माझी बायको कल्पना शेजारी बसायच्या. कल्पनाच्या गुडघ्याला इंजेक्शनं लागली तेव्हा ताई घरी येऊन देऊन गेल्या, आणि पैसे देऊ केले तर मलाच रागावल्या.

निवृत्तीचे बारा लाख घेऊन त्या माझ्या केबिनमध्ये आल्या. मौला अलीत दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांनी बुक केला होता.

“भाऊ, माझं लगीन क्वार्टरात झालं, लेकरू क्वार्टरात झालं, मालक गेले ते बी क्वार्टरातूनच. भिंतीला खिळा मारायचा तर हापिसात अर्ज देवा लागायचा. आता बिल्डर म्हनला, एका सालात चावी देतो. एक सालासाठी ठेवा पैसे. मंग मी खिळा मारनार, कुनाला न पुसता.”

महिन्याची अखेर होती. शाखा दोन पॉलिसींनी मागं होती. पाच वाजायला वीस मिनिटं कमी होती. ही कारणं नव्हेत, फक्त त्या वेळी काय काय वाजलं होतं ते सांगतोय.

मी म्हणालो, “ताई, आठ लाखांची एफडी करू. चार लाख एका स्कीममध्ये टाकू. एफडीपेक्षा जरा बरी आहे.”

“पन घरासाठी काढता येतीन ना?”

“हो.”

ते ‘हो’ माझं होतं. पुढं जेवढी ‘हो’ झाली ती सगळी त्यांची, पण पहिलं माझं.

ती स्कीम म्हणजे विम्याची पॉलिसी होती. पाच वर्षं दरवर्षी चार लाख भरायचे, मध्येच सोडली तर हाती जवळजवळ काही नाही. पेन्शनीवर जगणाऱ्या बाईला ती विकणं म्हणजे लंगड्या माणसाला जिना भेट देण्यासारखं. पण ते कुणाला कळू नये याची सोय आमच्याकडे तयार असते. ग्राहकाची गरज तपासायचा एक फॉर्म असतो, तो मीच भरला. ‘उत्पन्नाचे अन्य मार्ग’ या चौकोनात मी ‘आहेत’ लिहिलं. पॉलिसी हातात पडल्यावर काही दिवसांत ‘नको’ म्हणून पैसे परत मागता येतात, असाही नियम आहे. पण पॉलिसी ईमेलवर येते, ताईंना ईमेल नव्हता, म्हणून तो आम्हीच काढला आणि त्याचा पासवर्ड श्रावणीच्या वहीत राहिला. नियमाप्रमाणे पॉलिसी ग्राहकाला पोचली. ग्राहकाला ते माहीत नव्हतं, इतकंच.

आणि मग फोन.

लोकांना फसवून विमा विकतात अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा खातरजमेचा फोन सुरू झाला. विमा कंपनीतून ग्राहकाला फोन येतो, सगळ्या अटी वाचून दाखवतात, समजलं का विचारतात, आणि ते सगळं रेकॉर्ड होतं. ज्यानं कुणी ही सोय केली त्यानं चांगल्या मनानं केली असणार. आम्ही त्यावर उपाय काढला होता. फोन यायच्या वेळी ग्राहकाला शाखेत बोलावून घ्यायचं, चहा द्यायचा आणि सांगायचं : फोन आला की ‘हो’ म्हणा. प्रश्न पूर्ण ऐकायचीही गरज नाही.

ताई माझ्या केबिनमध्ये बसल्या होत्या. फोन स्पीकरवर. पलीकडची मुलगी हिंदीत भराभर वाचत होती. नाव बरोबर आहे का? “जी हाँ.” पत्ता? “जी हाँ.” मग तिनं विचारलं, “आपको पाँच साल तक हर साल प्रीमियम भरना है, ये आपको बताया गया है?”

ताई थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर डॉक्टरांनी लिहिलेला डोस दोनदा तपासून मगच सुई टोचणारी बाई होती ती. त्यांना काहीतरी खटकलं होतं.

मी पुढं वाकून हळूच म्हणालो, “हो म्हणा ताई. हे विचारायचं म्हणून विचारतात.”

“जी हाँ,” ताई म्हणाल्या.

वर्षानं त्या आल्या तेव्हा हातात पेढ्यांचा पुडा होता आणि बिल्डरचं पत्र होतं : महिन्याभरात बारा लाख भरा, रजिस्ट्री करू, चावी देऊ. न भरल्यास फ्लॅट दुसऱ्याला. एव्हाना माझी बदली व्हायला हवी होती. बदलीवर माझा फार भरवसा होता. आमच्या धंद्यात जो विकतो, त्याच्यावर उत्तर द्यायची वेळ सहसा येत नाही. पण त्या वर्षी बदल्या लांबल्या.

मी सांगितलं. सांगायला पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास मी पेढ्याच्या पुड्याची दोरी सरळ करत होतो. शेवटी म्हणालो, “ताई, पेन्शनीवर चार लाख कर्ज काढून देतो. दोन दिवसांत.”

त्यांनी थोडा विचार केला. “म्हंजे माझेच पैसे मला व्याजानं देयलाव का भाऊ?”

श्रावणी दारात कागद घेऊन उभी होती, ती तशीच मागं फिरली.

मग मी त्यांना तक्रार करायला सांगितली. एवढंच नव्हे, तक्रार इंग्रजीत मीच लिहून दिली. चांगली लिहिली. फक्त ‘शाखा व्यवस्थापकाने’ असं जिथं यायला हवं होतं, तिथं ‘शाखेतील कर्मचाऱ्याने’ असं लिहिलं. ताईंनी मी दाखवली तिथं सही केली.

सुनावणी आबिड्सच्या झोनल ऑफिसात झाली. खोलीत चौघं. आमचे झोनल साहेब मूर्तीगारू, विमा कंपनीचा लॅपटॉपवाला तरुण, ताई आणि शाखेच्या वतीनं मी. मूर्तीगारू वाईट माणूस नव्हते. त्यांनी ताईंना पाणी दिलं, अम्मा म्हणाले, आणि मला तेलुगूत म्हणाले, “चुद्दाम, बघू या, काहीतरी मार्ग काढू.” शाखेकडून चूक झाली असं रेकॉर्डवर दिसलं तर पैसे परत द्यायचा अधिकार त्यांना होता. ते द्यायलाही तयार होते. त्यांना फक्त दिसायला हवं होतं.

लॅपटॉपवाल्यानं रेकॉर्डिंग लावलं. नाव? जी हाँ. पत्ता? जी हाँ. पाँच साल, हर साल? आणि मग ती शांतता, आणि त्या शांततेत एका पुरुषाचा दबका आवाज. मी ते रेकॉर्डिंग आधी ऐकलं नव्हतं. आपला आवाज इतका गोड आहे हे मला ठाऊक नव्हतं.

“रुको, रुको,” मूर्तीगारू म्हणाले. “फिर से लगाओ. ये पीछे कौन बोल रहा है?”

पुन्हा लावलं. आवाज बारीक होता, कुणाचा ते ओळखू येत नव्हतं. निदान त्यांना येत नव्हतं.

“ये मराठी है ना? गायकवाड, तुमको आती है. क्या बोल रहा है ये आदमी?”

त्या खोलीत मराठी कळणारी दोनच माणसं होती. एक मी. दुसरी ताई.

चार शब्द सांगायचे होते. सांगितले असते तर चार लाख परत आले असते आणि मला चार्जशीट मिळाली असती. पुढच्या महिन्यात प्रमोशनची मुलाखत होती, मुलीच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षं राहिली होती. मी घसा खाकरला.

“घर का कोई होगा सार. बोल रहा है, आवाज नहीं आरा, जोर से बोलो.”

मूर्तीगारू ताईंकडे वळले. “अम्मा, आपके घर का आदमी था क्या?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. शीर शोधताना नर्स हाताकडे बघते तसं, नीट, लक्ष देऊन. मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, “हौ साब. घर का ही था.”

निकालाचं पत्र आठवड्यानं आलं. शाखेत आलं, कारण ते ताईंना देऊन पोच मलाच घ्यायची होती. त्यात लिहिलं होतं की ग्राहकाने कुटुंबातील सदस्याच्या उपस्थितीत सर्व अटी समजून मान्य केल्या असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

त्या दिवशी आबिड्सला ऑफिसच्या पायऱ्या उतरताना मी ताईंना विचारलं होतं, “ताई, तुम्ही असं का म्हणालात?” त्यांनी चष्मा पुसला. “तुमची पोरगी शिकायलीय अजून,” म्हणाल्या. मी रिक्षा थांबवली तर “नको, बस येतीय की” म्हणून त्या स्टॉपकडे चालू लागल्या. मी रिक्षानं परत आलो. पावती लावली, प्रवासखर्च मिळाला.

ताईंनी दोन मैत्रिणींकडून, एका भाच्याकडून जमवाजमव केली. दीड लाख कमी पडले. बिल्डरनं पंधरा दिवस वाट पाहिली आणि फ्लॅट दुसऱ्याला दिला. बुकिंगच्या रकमेतून ‘खर्च’ कापून उरलेलं परत केलं, म्हणजे तिथंही कुणीतरी आपलं इतर उत्पन्न वाढवलं. ताई लालागुड्यात एका खोलीत भाड्यानं राहतात. त्या वर्षी आमच्या बँकेचा नफा वाढला, वर्तमानपत्रात अर्ध्या पानाची जाहिरात आली, ‘आपल्या विश्वासाबद्दल आभार’. प्रमोशन मला मिळालं. ते मी दोन वर्षं वापरलं आणि स्वेच्छानिवृत्ती घेतली. सदसद्विवेकामुळं घेतली असं लिहायला मला आवडलं असतं, पण साखर वाढली होती.

आणि हेही लिहून टाकतो : तेव्हा माझ्याकडे दीड लाख नव्हते असं नाही. मुलीच्या फीसाठी पाच लाख ठेवलेले होते. एफडीत होते. मी माझे पैसे कधी स्कीममध्ये घातले नाहीत.

फ्लॅट गेल्याचं मला ताईंनीच फोन करून सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून. त्या संध्याकाळी घरी येऊन मी कल्पनाला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघरात गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी उभ्यानंच सांगत होतो. ती शेंगा मोडायची थांबली नाही. शेवटी फक्त एवढं विचारलं, “त्यांनी तुमचा आवाज ओळखला होता?”

“हो.”

तिनं पुढची शेंग उचलली. काहीतरी करायला हवं, काहीतरी चांगलं, असं वाटून मी म्हणालो, “कल्पना, रविवारी ताईंना जेवायला बोलावू या का?”

तिनं मोडलेल्या शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“बोलावू नका,” ती म्हणाली. “बोलावलंत तर त्या येतील.”